बंपरवरचं लिंबू

यंत्रांना वाचा होती, त्या काळी एका ट्रकच्या बंपरवर लिंबू-मिरची टांगलेली असे. दर शनिवारी लिंबू नवं यायचं, पण मिजास तीच जुनी. ‘‘गाडी माझ्या जिवावर चालते,’’ ते ब्रेकला सुनवायचं. ‘‘तू काय, नुसता आडकाठी घालणारा!’’

ब्रेक झिजून पापडासारखा झाला होता. ड्रायव्हर गेनू त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. घाट उतरताना डिझेल वाचावं म्हणून हा शहाणा गाडी न्यूट्रलवर सोडायचा, स्टिअरिंग कोपरानं धरायचा आणि दोन्ही हातांनी तंबाखू मळत बसायचा.

एकदा भर घाटात ब्रेक कळवळला, ‘‘गेनू, गिअर टाक! ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. एवढं ओझं मला एकट्याला पेलवत नाही रे, तापून लाल झालोय!’’

लिंबू खो खो हसलं. ‘‘याचं रडगाणं रोजचंच. गेनू, मी आहे ना!’’

गेनूला हेच ऐकायचं होतं. त्यानं तंबाखूची चिमूट ओठात दाबली.

पुढच्याच वळणावर समोर वऱ्हाडाचा टेम्पो आला. गेनूनं ब्रेकवर पाय मारला, तर नुसता धूर निघाला. ट्रक दरडीवर जाऊन आदळला. वऱ्हाड थोडक्यात बचावलं, गेनूचा पाय मोडला. लिंबू सगळ्यांच्या पुढे होतं, त्याचं जागीच सरबत झालं.

महिन्याभरानं गेनू लंगडत गॅरेजात आला. मेकॅनिकनं विचारलं, ‘‘ब्रेकचे लायनर बदलू ना?’’

ब्रेकनं आशेनं कान टवकारले.

‘‘ते पुढच्या खेपेला बघू,’’ गेनू म्हणाला. ‘‘आधी दोन लिंबं बांध. एकानं भागत नाही.’’