खोळ नसलेला पिंजरा

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा डोंगर आजच्यापेक्षा हातभर उंच होते आणि पाखरं माणसांशी बोलत असत. त्या काळी दोन डोंगरांच्या मध्ये कारागिरांचं एक गाव होतं. तिथे वैद्य होता, रंगारी होता, कुंभार होता, आणि जमिनीखालचं पाणी ओळखणारा एक म्हातारा पाणाड्याही होता. प्रत्येकाच्या ओसरीवर एक पिंजरा टांगलेला असे आणि प्रत्येक पिंजऱ्यात एक साळुंकी.

या साळुंक्या नुसत्या शोभेच्या नव्हत्या बरं का! घरातली विद्या त्या पाठ करून ठेवत. वैद्याच्या साळुंकीला लक्षण सांगा, ती औषध सांगे. रंगाऱ्याच्या साळुंकीपुढे रंगाचं नाव घ्या, ती कृती म्हणून दाखवी. बाप गेला तरी त्याची विद्या साळुंकीच्या तोंडून लेकाला मिळे.

पण गावाची एक रीत होती. परकं माणूस उंबऱ्याशी आलं, की पिंजऱ्यावर झटकन खोळ चढवायची. जाड, काळी, दुहेरी शिवणीची खोळ. आपल्या साळुंकीच्या कानावर दुसऱ्याची विद्या पडली तर तिची विद्या बाटते, असं सगळे मानत. त्यामुळे वैद्याच्या साळुंकीला रंग ठाऊक नव्हते, रंगाऱ्याच्या साळुंकीला रोग ठाऊक नव्हते, आणि गावकऱ्यांना याचा भलताच अभिमान होता.

हे पिंजरे विणायची एक बुरूडीण. बांबू चिरून त्याच्या बारीक कामट्या काढायच्या आणि विणायच्या, हा तिचा धंदा. तिच्या घरी साळुंकी नव्हती. होती ती येसू, तिची तरणी लेक. येसूची बोटं इतकी हुशार, की डोळे मिटून पिंजरा विणावा आणि त्यातून मुंगीनेसुद्धा वाट विचारून बाहेर पडावं!

एके दिवशी काम करताना येसूच्या बोटात बांबूचं कुसळ घुसलं. रक्त ओघळलं, विणीवर सांडलं. आणि येसू आपली गाणं गुणगुणत विणतेच आहे.

"अगं, बोट बघ!" आई ओरडली.

येसूने पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. "आई, मला कळलंच नाही गं," ती म्हणाली. "बोटं माझी नसल्यासारखी झालीत."

बुरूडिणीने तिचा हात उजेडात धरला. प्रत्येक नखावर आडवी पांढरी रेघ उमटलेली होती. ती तशीच लेकीला घेऊन वैद्याकडे धावली. वैद्याने खोळीची कड जराशी उचलून लक्षणं सांगितली; साळुंकीने मान वाकडी करून ऐकलं आणि ठणकावून सांगितलं, "वात! सुंठीचा काढा, एरंडाचं तेल!" महिनाभर काढा झाला, तेल झालं. येसूच्या हातातून आता पाण्याचा तांब्याही निसटू लागला.

पुढे कुंभाराच्या हातून मडकी वाकडी उतरू लागली. सोनाराच्या बोटांना तार कळेना. कारागिरांच्या गावात बोटंच गेली तर मागे उरतं काय? गाव हादरलं. प्रत्येकाने आपापल्या साळुंकीला विचारलं, आणि प्रत्येक साळुंकीने अगदी बरोबर, पण अगदी अपुरं उत्तर दिलं.

बुरूडीण विचारात पडली. पिंजरा दुरुस्त करताना खोळ काढावीच लागे, त्यामुळे गावातली प्रत्येक साळुंकी तिने थोडीथोडी ऐकली होती. तिला राहून राहून वाटे, की लेकीच्या दुखण्याचं काहीतरी आपण कुठेतरी ऐकलंय. पण कुठे? कोणाच्या ओसरीवर? "एवढं सगळं माझ्या एकटीच्या डोक्यात मावायचं नाही," ती स्वतःशी म्हणाली. "पण साळुंकीच्या डोक्यात?"

मग तिने पिंजरा विणला. येसूने बधिर हातांनी कामट्या धरल्या, आईने विणलं. ऐसपैस, चारी बाजूंनी मोकळा. त्यात साळुंकीचं एक पिल्लू ठेवून तिने तो गावच्या पारावर टांगला आणि सगळ्यांना हाक मारली.

"हिला सगळ्यांची विद्या शिकवा! प्रत्येकाने रोज घडीभर यायचं आणि हिच्याशी बोलायचं. हिला खोळ नाही. कधीच नाही."

पारावर एकच कल्ला झाला.

"डोकं फिरलंय का तुझं?" वैद्य कडाडला. "उद्या ही मलाच शहाणपण शिकवायला लागली म्हणजे?"

"शिका की मग, वैद्यबुवा! माझी लेक बरी झाली तर मी तुम्हा दोघांच्याही पाया पडेन."

लोक हसले. वैद्याला मात्र हसू आलं नाही. मग पाणाड्या काठी टेकत पुढे आला. तो क्वचितच बोले, म्हणून सगळ्यांनी त्याला वाट करून दिली.

"पोरी, मला वेगळी भीती आहे," तो म्हणाला. "एका घरची साळुंकी चुकली तर एक घर फसतं. सगळ्या गावाची साळुंकी चुकली, तर?"

हा प्रश्न खरा होता. बुरूडिणीनेही तो झटकून टाकला नाही. 

"आबा, म्हणूनच तर ती पारावर आहे," ती म्हणाली. "ती जे बोलेल ते सगळ्यांसमोर बोलेल. चुकली तर जो ऐकेल त्याने तिथेच टोकायचं. आणि तिला पहिलं वाक्य तुम्हीच शिकवा."

म्हातारा पिंजऱ्याशी वाकला. "म्हण बाळ," तो म्हणाला, "मला ठाऊक नाही."

"मला ठाऊक नाही," पिल्लू म्हणालं. तीच त्या साळुंकीची पहिली विद्या.

आधी कुंभार आला, मग सोनार. रंगारी लाजत लाजत आला आणि आजूबाजूला कोणी नाही ना हे बघून कुजबुजला. वैद्य सगळ्यात शेवटी आला, पण आला तो रोज तास तास बसू लागला! हे त्याने पुढे कधी कबूल केलं नाही. तीन महिने साळुंकी नुसती ऐकत होती. जे शिकवलं ते म्हणत होती. इतर साळुंक्यांसारखीच.

आणि मग एका सकाळी, वैद्य नखांवरच्या रेघांचं सांगत असताना, ती मध्येच म्हणाली, "थांबा. या रेघा आणखी कोणी पाहिल्यात?"

वैद्याच्या हातातला बटवा खाली पडला. साळुंकीने विचारलं होतं! त्या गावात आजवर एकाही साळुंकीने प्रश्न विचारला नव्हता. जिकडेतिकडे बातमी गेली. हातातली कामं टाकून माणसं धावत आली आणि पाराभोवती पाय ठेवायला जागा उरली नाही.

सुरुवातीला ती चुकलीच. "भट्टीचा धूर," असं ती म्हणाली, आणि कुंभार लालबुंद झाला. "मग धुरात राबणाऱ्या माझ्या बायकोची बोटं कशी धडधाकट आहेत?" त्याने विचारलं. साळुंकीने पंख मिटले. "चुकले," ती म्हणाली. "तुमची बायको पाणी कुठलं पिते?"

"ती? ती माहेराहून आल्यापासून डोंगरातल्या झऱ्याचंच पाणी आणते. आपण सगळे पितो त्या थोरल्या विहिरीचं तिला रुचत नाही."

 साळुंकी पिंजऱ्यात इकडून तिकडे उड्या मारू लागली.

"रंगारीदादा," ती म्हणाली, "पिवळा दगड कुटताना हाताला तेल लावायचं, नाहीतर बोटं बधिर होतात आणि नखांवर रेघा येतात, असं तुम्हीच मला सांगितलंत. दगड धुतलेलं पाणी तुम्ही ओढ्यात टाकता. आबा, ओढ्याच्या खडकाला भेग आहे आणि ती थोरल्या विहिरीला मिळते, असं तुम्ही म्हणालात. मला खात्री नाही. करून बघता येईल?"

बुरूडिणीने कपाळावर हात मारला. हेच! रंगाऱ्याच्या ओसरीवर, कामट्या बदलताना, हेच तर तिने ऐकलं होतं. रंगाऱ्याची साळुंकी वर्षानुवर्षं रोज सकाळी हे म्हणत होती, आणि वैद्य उंबऱ्याशी आला की तिच्यावर खोळ पडत होती.

रंगाऱ्याला दरदरून घाम फुटला. तो पळून जाऊ शकला असता. पण तो घरी गेला आणि निरुपद्रवी कुसुंबी रंगाचे दहा घडे घेऊन आला. "ओढ्यात ओता," तो म्हणाला. "माझ्यामुळे झालं असेल तर मलाही कळू दे."

थोरल्या विहिरीचं पाणी त्या दिवसापासून कोणी प्यायलं नाही. मात्र पाण्याला रंग येतो का ते बघायला पोहरा रोज सोडला जाई. पहिला दिवस, काही नाही. पाचवा दिवस, काही नाही. वैद्य मिशीत हसू लागला. नवव्या दिवशी सकाळी पोहरा वर आला आणि काठावरच्या बायका किंचाळल्या. पाणी गुलाबी होतं! म्हाताऱ्या पाणाड्याने काठी फेकून दिली आणि तो चक्क नाचला. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. आयुष्यभर एकमेकांना बघताच खोळी चढवणारी माणसं, बरं का!

पिवळा दगड धुतलेल्या पाण्यासाठी गावाबाहेर पक्का हौद बांधला गेला. सगळं गाव झऱ्याचं पाणी पिऊ लागलं. अंगातलं विष उतरवायचा काढा वैद्य आणि साळुंकी यांनी मिळून, भांडत भांडत शोधून काढला. भांडणात वैद्य दोनदा जिंकला, हेही सांगायला हवं, नाहीतर तो रागावेल.

बुरूडीण रोज लेकीचा हात हातात घेऊन विचारी, "कळतंय का काही?" येसू नाही म्हणून मान हलवी. एक महिना गेला, दोन गेले. आशा ठेवून ठेवून आई थकली. आणि एका दुपारी ती कामट्या काढत बसली असताना आतून किंकाळी आली.

"आई गं! मेले! कुसळ गेलं बोटात!"

बुरूडीण धावत आत गेली. येसू बोट धरून रडत होती. दुखतंय म्हणून रडत होती, आणि दुखतंय म्हणूनच हसत होती. आईने ते रक्ताळलेलं बोट छातीशी घट्ट धरलं. असा आनंद तिला येसू जन्मली तेव्हाच झाला होता.

त्या वर्षी गावाने सगळ्या खोळी उतरवल्या. येसूने स्वतःच्या हाताने त्या एकमेकींना शिवल्या, आणि पारावरच्या साळुंकीला ऊन लागू नये म्हणून वर ते काळं छत ताणलं. त्याच्या सावलीत अजूनही कोणी ना कोणी तिला शिकवत बसलेलं असतं, कोणी तिच्याकडून शिकत असतं, आणि ती चुकली की टोकायला सगळं गाव हजर असतं.

बोध एवढाच: सगळ्यांचं ऐकणारी बुद्धी घडवायला भिऊ नये, ती सगळ्यांच्या देखत घडवावी.