उलटा संत, सरळ लालो

एका गावात एक भोळा माणूस राहत होता. गावाचं नाव लॉस एंजेलिस. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या शहराला कुणी गाव म्हणतं का? मी म्हणते. त्या शहराच्या पूर्वेला मेक्सिकन लोकांची वस्ती आहे. तिथे सकाळी कुणाच्या घरी दूध उतू गेलं, तर दुपारपर्यंत ती बातमी चार गल्ल्या फिरून पुन्हा त्याच घरी येते. मग ते गाव नाही तर काय?

तर या भोळ्याचं नाव लालो. वय तिशीचं. बेकरीत मैद्याची पोती उचलायचा, एका खांद्यावर दोन-दोन. डोकंही होतं त्याला. टोपी घालायच्या कामी यायचं.

लालोच्या घरात आई रेमेदियोस आणि बहीण योली. योलीचा एका मुलावर जीव होता. त्याचं नाव रुबेन. तो लग्नकार्यात वाजवणाऱ्या ताफ्यात ट्रम्पेट वाजवायचा. ट्रम्पेट तोंडाला लावला की अख्खी वस्ती खिडकीत. ट्रम्पेट काढला की तोंडाला कुलूप. दर रविवारी तो योलीकडे जेवायला यायचा. खिशात अंगठीची डबी असायची. ती बाहेरून स्पष्ट दिसायची, शेंबड्या पोरांनासुद्धा ठाऊक होती. जेवण झालं की रुबेन उठून उभा राहायचा, योलीकडे बघायचा, लालबुंद व्हायचा आणि म्हणायचा, "भात छान झाला होता." मग घरी जायचा.

असा किती भात खाल्ला त्याने, देवालाच ठाऊक.

तिकडची एक रीत आहे. मुलीचं लग्न जमत नसलं की संत आंतोनियोची मूर्ती उलटी करून ठेवायची, डोकं खाली, पाय वर. आपण नाही का देव पाण्यात घालून बसत, तसंच. रेमेदियोसनेही आंतोनियोला फळीवर उलटा ठेवला होता.

एक दिवस लालोचं तिकडे लक्ष गेलं. त्याला फार वाईट वाटलं. त्याने संताला सरळ केलं आणि डोक्याला थोडं तेलही चोळलं.

रेमेदियोस आली, बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, हे काय केलंस?"

"त्यांचं डोकं दुखत असेल, आई."

"दुखू दे! तो आपलं काम करत नाहीये. जो आपलं काम करत नाही त्याला उलटं करायचं. काम झालं की सरळ करायचं. कळलं?"

तिने संताला पुन्हा उलटा केला. लालो म्हणाला, "एवढंच ना? मग आधी नाही का सांगायचं!"

दुसऱ्या दिवशी आईने त्याला कपडे धुवायला पाठवलं. तिकडे कोपऱ्यावर दुकान असतं, ओळीने मोठमोठी मशिनं मांडलेली. आपले कपडे आपण घालायचे आणि बसून राहायचं. लालोने कपडे घातले. त्यात योलीचा पिवळा झगाही होता, रविवारी घालायचा. मशीन दोनदा घरघरलं आणि बंद पडलं.

लालोने विचार केला. हे आपलं काम करत नाही.

त्याने बाह्या सरसावल्या, मशीन मिठीत घेतलं आणि उलटं केलं.

पाणी आधी दुकानात गेलं, मग शेजारच्या न्हाव्याकडे, मग रस्त्यावर. न्हाव्याकडे एक गिऱ्हाईक अर्धी दाढी झालेलं बसलं होतं. ते तसंच खुर्चीवर उभं राहिलं. योलीचा झगा थेट बसस्टॉपवर सापडला.

रेमेदियोसने कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, अडलेलं यंत्र कुणी उलटं करतं का? त्याचा प्लग उपटायचा, जरा दम खायचा आणि पुन्हा लावायचा. चालायला लागतं आपोआप."

"एवढंच ना? मग आधी नाही का सांगायचं!"

त्या संध्याकाळी घरी आजोबा आले. आजोबा म्हणजे रेमेदियोसचे मामा, सिप्रियानो. ऐकू कमी यायचं, कानात यंत्र. आले की लहानपणच्या घोड्याची गोष्ट सांगायचे. सगळे जेवायला बसले होते. आजोबा रंगात आले.

"आणि मग मी त्या घोड्यावर उडी मारली! काय घोडा होता! त्याचं नाव होतं... नाव होतं त्याचं..."

आजोबा अडले. तोंड उघडं, हात वर.

लालो उठला. त्याने आजोबांच्या कानातलं यंत्र उपटलं. जरा दम खाल्ला. मग पुन्हा लावलं. घाईत दुसऱ्या कानात लावलं, एवढंच. यंत्र शिट्टी मारायला लागलं. आजोबांना वाटलं गाडी आली, ते ताट घेऊन टेबलाखाली गेले. घोड्याचं नाव काही शेवटपर्यंत आठवलं नाही.

रेमेदियोसने कपाळावर हात मारला. तिचं कपाळ आता एका जागी लाल झालं होतं. "अरे, म्हातारं माणूस अडलं तर त्याच्या कानाला हात लावायचा नाही. हाताला धरायचं, गोड बोलायचं आणि जवळ चांगली खुर्ची दिसेल तिच्यात नेऊन बसवायचं."

"एवढंच ना? मग आधी नाही का सांगायचं!"

आता पुढचं ऐका, कारण इथून प्रकरण गळ्याशी आलं.

रुबेनची आई होती सेन्योरा, म्हणजे बाईसाहेब, ओफेलिया. करारी बाई. हसलेली कुणी पाहिली नव्हती. तीही मुलाच्या मुकेपणाला विटली होती. टेक्सासला तिचा भाऊ राहायचा. त्याने रुबेनसाठी तिकडे नोकरी बघून ठेवली होती आणि तो तगादा लावत होता. म्हणून ओफेलिया चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकून बसली. डोळे मिटले, हात जोडले. पोराच्या तोंडाला वाचा फुटू दे, एवढंच तिचं मागणं. बराच वेळ झाला तरी ती हलली नाही.

लालो मागे मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण पुसत होता. तो मनाशी म्हणाला, सेन्योरा अडल्या.

त्याने हात धरला. गोड बोलला, "चला हं, राणीसाहेब." आणि चांगली खुर्ची शोधली. बाकी सगळीकडे लाकडी बाकं. गादीची खुर्ची एकच होती, आणि ती होती पापं कबूल करायच्या कपाटात. त्या कपाटात फादर बसतात आणि बाहेर जाळीशी माणूस गुडघे टेकून आपली पापं सांगतो. लालोने सेन्योराला त्या खुर्चीत बसवलं, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. म्हणजे कुणी त्रास द्यायला नको.

एवढ्यात शेजारीण एलोदिया आली. जाळीशी वाकून म्हणाली, "फादर, मी पापी आहे. त्या ओफेलियाच्या अंगणातली लिंबं मी चोरते. आणि वर तिलाच आंबट तोंडाची म्हणते."

आतून आवाज आला, "अस्सं!"

फादरचा बाईसारखा आवाज ऐकून एलोदिया तिथेच आडवी झाली.

ओफेलिया तडक रेमेदियोसच्या दारात आली. "रेमेदियोस, मी या रविवारी तुझ्या घरी शेवटची कॉफी पिणार. माझा कप रिकामा होईपर्यंत रुबेनने मागणी घातली तर उत्तम. नाही तर सोमवारी तो टेक्सासच्या बसमध्ये!"

ती गेली. रेमेदियोस मटकन खाली बसली. योली पिवळ्या झग्याला इस्त्री करत राहिली आणि डोळे पुसत राहिली.

लालो म्हणाला, "योली, रडतेस?"

"नाही रे. कांदा झोंबला."

लालोने संध्याकाळभर घरात कांदा शोधला. सापडला नाही. मग तो आईकडे गेला. योली त्याची फार लाडकी. लहानपणी पोरं त्याला चिडवायची तेव्हा हीच चप्पल काढून धावायची.

"आई, मी काय करू?" त्याने विचारलं.

"काही करू नकोस!" रेमेदियोसने दोन्ही हात जोडले. "रविवारी चेलाचा वाढदिवस पण आहे." चेला म्हणजे लालोची पाच वर्षांची पुतणी, थोरल्या भावाची मुलगी. "तेव्हा तू अंगणात पिन्यातापाशी उभं राहायचं आणि दोरी धरायची. काही झालं तरी दोरी सोडायची नाही. ओफेलियाला हात लावायचा नाही. एवढं कर, पाया पडते तुझ्या."

"एवढंच ना? मग आधी नाही का सांगायचं!"

पिन्याता म्हणजे रंगीत कागदाचं गाढव. आत खाऊ भरायचा, झाडाच्या फांदीवरून दोरी टाकून ते लटकवायचं. मग मुलाचे डोळे बांधायचे, हातात काठी द्यायची. दोरी धरणारा गाढव वरखाली करतो, मूल काठी फिरवतं, गाढव फुटतं, खाऊ पडतो आणि सगळी पोरं झडप घालतात.

रविवार आला. अंगणात टेबलं मांडली. जेवणं झाली. चेलाचे डोळे बांधले, तिच्या हातात काठी दिली. लालो दोरी धरून उभा. सेन्योरा ओफेलियापुढे कॉफी आली. तिने एक घोट घेतला आणि रुबेनकडे बघितलं.

रुबेन उठला. योलीपुढे उभा राहिला. खिशातली डबी सगळ्यांना दिसत होती. तो लालबुंद झाला.

"योली," तो म्हणाला.

ओफेलियाने दुसरा घोट घेतला.

"योली... भात..."

"अरे, आज भात नव्हताच!" आजोबा ओरडले. यंत्र योग्य कानात होतं ना.

रुबेनचं तोंड मिटलं. ओफेलियाने कप तिरका करून आत पाहिलं. तळाशी घोटभर उरली होती. योलीने मान खाली घातली. रेमेदियोसला रडू आवरेना, ती तोंडात पदर, नाही, एप्रन कोंबून म्हणाली, "देवा रे, हा मुलगा आपलं काम का करत नाही?"

हे लालोने ऐकलं.

आपलं काम करत नाही. अस्सं होय! मग आधी नाही का सांगायचं!

पण दोरी सोडायची नव्हती. म्हणून लालो दोरीसकट आला. त्याने गाढव सोडवून बाजूला ठेवलं, रुबेनच्या दोन्ही पायांना दोरी बांधली आणि ओढली. मैद्याच्या पोत्यापुढे रुबेन म्हणजे काहीच नाही. सुर्रकन वर गेला. डोकं खाली, पाय वर, झाडाला टांगलेला नवरदेव.

चेलाच्या डोळ्यांवर पट्टी. तिला वाटलं, गाढव वर गेलं. तिने काठी उचलली आणि सगळा जीव लावून फिरवली.

ती नेमकी बसली रुबेनच्या पाठीच्या खाली, जिथे आपण बसतो तिथे.

"आई गं!" रुबेन किंचाळला. तोंडाचं कुलूप तुटलं ते तुटलंच. "योली! लग्न कर माझ्याशी! तीन वर्षं विचारायचंय! तुझ्याशिवाय मला करमत नाही! आणि तुझ्या घरचा भात कच्चा असतो! या पोरीला आवरा रे कुणीतरी!"

खिशातून डबी पडली, उघडली, अंगठी घरंगळली. खाऊ पडला समजून सगळ्या पोरांनी झडप घातली. त्या ढिगाऱ्यात योलीही घुसली, इस्त्रीच्या झग्यानिशी. दोन पोरांना बाजूला करून अंगठी घेऊनच वर आली. तिने ती बोटात घातली आणि उलट्या रुबेनच्या तोंडाशी वाकून म्हणाली, "हो! हो रे बाबा, हो!"

सेन्योरा ओफेलियाने शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि हसली. जोरात हसली. एलोदिया घाबरून घरी गेली.

"लालो, सोड त्याला!" रेमेदियोस ओरडली.

"तूच म्हणालीस, दोरी सोडायची नाही."

"आता सोड रे!"

लालोने सोडली. खाली वाढदिवसाचा केक होता. तो सगळा रुबेनला मिळाला.

रेमेदियोसने कपाळाकडे हात नेला, पण मारला नाही. तिने लालोला कवटाळलं. "माझ्या बाळा, जन्मात पहिल्यांदा बरोबर केलंस! जा, काम झालं. संताला सरळ कर." लालोने आंतोनियोला सरळ केलं. डोक्याला तेलही चोळलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी शहाण्याची म्हणून सांगितली असती.

लग्नाचा दिवस उजाडला. रेमेदियोसने लालोला आधीच शपथ घातली, "रुबेनला हात लावायचा नाही." लालोने शपथ घेतली. चर्च भरलं. फादर पुढे आले. लग्न लावायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. चष्मा सापडेना. हा खिसा बघितला, तो खिसा बघितला. लग्न अडलं.

लालोने रुबेनकडे पाहिलं. छे, त्याला हात लावायचा नव्हता. आणि त्याचा काही दोषही नव्हता. लग्न लावायचं काम कुणाचं? फादरचं. आणि ते करत नव्हते.

लालोने बाह्या सरसावल्या. रेमेदियोसने ते पाहिलं, पण ती तिसऱ्या बाकावर होती.

फादर उलटे झाले. झग्यातून चष्मा खाली पडला. तो योलीने त्यांना उलटाच घातला आणि त्यांनी तसंच, डोकं खाली आणि पाय लालोच्या हातात, लग्न लावलं. भराभर लावलं. वस्तीत इतकं झटपट लग्न कुणाचं लागलं नव्हतं. नेमका तेव्हाच फोटोवाल्याने फोटो काढला.

फोटो सुरेख आला. योली हसतेय, रुबेन हसतोय, सेन्योरा ओफेलियासुद्धा हसतेय. सगळे सरळ, फक्त मधोमध फादर उलटे. रेमेदियोसने तो मोठा करून, चौकटीत बसवून आणला. लालोला म्हणाली, "बाळा, भिंतीवर संताशेजारी टांग."

लालोने फोटो हातात घेतला. फादरकडे बघितलं. त्याला फार वाईट वाटलं. लग्न तर लागलं होतं. काम झालं की सरळ करायचं, हे आता त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

आजही त्या घरी जाल तर बघा. भिंतीवर फादर अगदी सरळ उभे आहेत, आणि नवरानवरी, दोघांच्या आया आणि सगळं वऱ्हाड डोक्यावर उभं राहून हसतंय.