सारख्या वजनाचे दोन हिरे

पूर्वी शूर्पारक नगरीवर उग्रबाहू राजाचे राज्य असताना बोधिसत्त्वांनी रत्नपारख्याच्या कुळात जन्म घेतला. त्या जन्मी त्यांचे नाव सुतनू होते आणि ते राजदरबारी पारखी झाले.

राजाने पिंगल नावाच्या कारागिराकडून दोन राण्यांसाठी आठ-आठ रती वजनाचे दोन हिरे घडवून घेतले. पण एक हिरा दुसऱ्याहून बराच लहान दिसे. दोरांनी बांधलेल्या पिंगलकडे बोट दाखवून राजा भर दरबारात म्हणाला, “याने हिऱ्यातले वजन चोरले. पारख्याने तोलून तसे जाहीर करावे, मग याला हत्तीच्या पायी द्या.”

बाहेर हत्तीच्या साखळ्या खळखळल्या. आधीच्या पारख्याने राजाचा शब्द खोटा पाडला होता. त्याची बोटे छाटली जाताना सुतनूने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

प्रधान सुतनूच्या कानाशी लागला. “हलका आहे, एवढेच म्हण. गाव इनाम मिळेल.”

सुतनूने पिंगलकडे पाहिले. मग त्याने तराजू उचलला, पण हात इतका थरथरत होता की पारडी ठरेनात. शेवटी त्याने तराजू खांबाच्या खुंटीला अडकवला आणि एकेका पारड्यात एकेक हिरा ठेवला. दांडी हळूहळू सरळ झाली.

“महाराज, वजन सारखे आहे.”

“मग हा लहान का दिसतो?” राजा गरजला.

सुतनूने मऊ मेण मागवले आणि दोन्ही हिरे त्यात दाबून काढले. एकाचा ठसा रुंद पण उथळ उमटला, दुसऱ्याचा अरुंद पण खोल.

“एकाचे वजन पसरले आहे, दुसऱ्याचे पोटात आहे. डोळ्याला रुंदी दिसते, महाराज. वजन दिसत नाही.”

“म्हणजे मी चुकलो?”

सुतनूने आपली बोटे मुठीत आवळली.

“होय, महाराज.”

राजाने वाकून त्या खोल ठशात बोट घालून पाहिले. मग म्हणाला, “याचे दोर सोडा.”

पिंगल सुटला आणि जमिनीवर बसला. सुतनूही तिथेच खाली बसला.

ही कथा सांगून शास्ते बुद्ध म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे न तपासता सोबत्यावर आळ घेणारा हा भिक्षू. पिंगल म्हणजे ज्याच्यावर आळ आला तो. प्रधान म्हणजे आळ खोटा आहे हे ठाऊक असून ज्याने आता तोंड मिटले तो भिक्षू. आणि भीतीने कापत खरे बोलणारा सुतनू मीच होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याची पराकाष्ठा, आचरली.”