जळणारीचा दगड

तुम्ही येताना पाहिलं असेल, आमच्या बोरखडीत कडब्याच्या प्रत्येक गंजीवर दोर टाकलेले असतात आणि दोरांना दगड लोंबकळतात. त्यातला एक गेरूने रंगवलेला. तो घरच्या माणसाने बांधायचा नाही. ज्या बाईला तुमचं बरं बघवत नाही, तिला बोलावून तिच्याच हातून बांधून घ्यायचा. शहरातली माणसं हसतात. हसा, पण आधी पुरतं ऐका.

फार पूर्वी इथे दोन जावा होत्या, थोरली कोंडाबाई आणि धाकटी झुंबर. वाटण्या झालेल्या. एके वर्षी थोरलीची ज्वारी उभ्या रानात करपली आणि बांधापलीकडे धाकटीची गंजी घराच्या आढ्याहून उंच गेली. कोंडाबाई जळू लागली. रोज पाण्याला जाताना वाट वाकडी करून ती गंजी बघून यायची आणि दिवसभर भांडी आपटायची म्हणे. गावातल्या सगळ्या गंज्यांचे दोर तिच्याच हातचे. तिची गाठ कधी सुटली नव्हती. झुंबरने मात्र तिला बोलावलं नाही.

"जाऊबाई, तुमची नजर लागेल," असं तोंडावर सांगून तिने दोर स्वतःच बांधले.

"मी कशाला बघतेय तिकडे," कोंडाबाई म्हणाली.

वैशाखातल्या एका दुपारी चहूबाजूंनी आभाळ फुटलं. आसपासच्या गावांत आमराया आडव्या झाल्या, गारांनी मेंढरं मेली. आमच्याकडे आली ती बारीक कंबरेची वावटळ. तिने एक-दोन गोठ्यांची छपरं उचलली, कुंपणं उपटली आणि झुंबरच्या गंजीवर येऊन बसली. गाठी सुटल्या, पेंढ्या गरगरत वर निघाल्या. पेरणीपर्यंत बैलांच्या तोंडी घालायला तेवढाच कडबा होता. तो गेला असता तर बैल विकावे लागले असते.

कोंडाबाई दारात उभी राहून हसली, असं सांगतात. खोटं कशाला बोलू, मीही हसले असते. पण पेंढ्या ओढ्यापलीकडे, दुसऱ्या गावाच्या शिवारात पडू लागल्या तसं तिचं हसू गेलं. जो कडबा आपल्याला लाभला नाही तो तिकडची गुरं खाणार, हे तिला सोसेना. धावत जाऊन तिने सुटलेला दोर मनगटाला गुंडाळला आणि दगडाच्या जागी स्वतःच लोंबकळली.

"सोडा जाऊबाई, हात तुटेल."

"गप गं. या गंजीकडे तू तरी माझ्याएवढं बघितलंस का? पेंढी न् पेंढी माझ्या ओळखीची आहे."

वावटळ गेली. अर्धी गंजी राहिली, बैलही राहिले. कोंडाबाईचा उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. दोघींत माया उपजली म्हणाल, तर छे. गंजी मुळातच वाकडी रचली होती, हे घरी जाता जाता तिने सुनावलंच. पण पुढच्या सुगीला झुंबर आपण होऊन दगड घेऊन तिच्या दारी गेली. तिने तो डाव्या हाताने, शिव्या देत देत बांधून दिला.

आजही सुगी संपली की बायका असा दगड घेऊन एकमेकींच्या दारी जातात. "जळकुटे, चल," म्हटल्याचा कुणाला राग येत नाही. "तुझ्या गंजीवर जळण्यासारखं आहे काय?" असं ऐकून जिला दगड परत आणावा लागतो, तिची मान मात्र वर्षभर वर होत नाही.