अध्यक्षाच्या पापण्या

पूर्वी, कृतयुग उतरणीला लागले होते आणि पृथ्वीवर अजून राजा नव्हता, मुकुट नव्हता, दंडही नव्हता, त्या काळी हिमालयाच्या दक्षिण उतारावर सुवेणा नदीच्या तीरी बारा ग्रामे नांदत होती. देवदारांच्या छायेत ऋजुश्रवा मुनींचा आश्रम होता. तेथे होमधूमाने धूसर झालेल्या वेलींखाली मृग निःशंक निजत, आणि तंटा झाला की बाराही ग्रामे मुनींच्या शब्दावर शांत होत.

पण तमोदंष्ट्र नावाचा असुर सैन्यासह त्या खोऱ्यावर चालून आला, तेव्हा नुसत्या शब्दाने भागेना. सर्वांनी मिळून उदग्र नावाच्या वीराला पुढारी निवडले. रुंद छातीचा, मेघासारख्या आवाजाचा हा पुरुष. त्याला उंच खडकावर आसन दिले आणि 'अध्यक्ष' ही पदवी दिली. जो सर्वांहून उंच बसतो तो अध्यक्ष, असाच अर्थ लोकांनी लावला. उदग्रालाही तो फार आवडला.

युद्धाचा बेत साधा होता. तीनशे योद्धे खालच्या घळीत दबा धरतील. असुर वरच्या कड्यावर दिसताच अध्यक्षाने शंख फुंकायचा, आणि योद्ध्यांनी घळ सोडून चढावर यायचे. त्या तीनशेंमध्ये उदग्राच्या धाकट्या बहिणीचा, मेखलेचा, पतीही होता. ती स्वतः भावासाठी पाण्याचा कलश घेऊन खडकावर उभी होती.

ऐन मध्यान्ही असुर कड्यावर आले. हत्तीएवढ्या शिळा त्यांनी काठाशी आणल्या. उदग्राने शंख ओठांपाशी नेला, खाली पाहिले, आणि पुढे काय होणार ते त्याला लख्ख दिसले. त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

शंख वाजला नाही. शिळा कोसळल्या. तीनशेही जण घळीत गाडले गेले, आणि असुर कड्यामागे परतले.

संध्येच्या आत सभा भरली. धुळीने माखलेल्या स्त्रिया येऊन बसल्या होत्या. उदग्र म्हणाला, "सभाजनहो, माझे दुर्दैव! धुळीचा लोट उठला. असुर आलेले मला दिसलेच नाहीत."

तेव्हा मेखला उठली. तिच्या हातात अजून तो कलश होता.

"मुनिवर, धूळ नंतर उठली," ती म्हणाली. "त्याआधी आकाश निर्मळ होते. माझ्या भावाने सगळे पाहिले. पाहिले, आणि डोळे मिटले. मी ओरडले, पण माझा आवाज घळीपर्यंत पोहोचला नाही."

"मेखले!" उदग्र कळवळला.

"दादा, खोटे आहे म्हण. मी तुझ्यावर विश्वास ठेवीन."

उदग्राची मान खाली गेली.

ऋजुश्रवा मुनींना आयुष्यात कोणी क्रुद्ध पाहिले नव्हते. ते उठले आणि कमंडलूतील जल हाती घेऊन म्हणाले, "भय क्षम्य आहे, उदग्रा, भय मलाही वाटते. पण तीनशे जणांनी आपले डोळे तुझ्यापाशी ठेवले होते आणि ते तू मिटलेस! ज्या पापण्यांआड तू लपलास, त्या गळून पडोत!"

आणि सर्वांदेखत, शिशिरातली पाने गळावीत तशा उदग्राच्या पापण्या गळून पडल्या.

मातांनी मुलांची तोंडे पदराआड घेतली. शाप उच्चारणारे मुनीसुद्धा दोन पावले मागे सरले. ते उघडे, ओले, मिटू न शकणारे डोळे एकेका विधवेकडे पाहत होते, आणि त्यांना दुसरीकडे दडायला जागा नव्हती.

"उःशाप मागत नाही," उदग्र घोगऱ्या स्वराने म्हणाला. "मला त्या खडकावर बसू द्या."

सात वर्षे तो तेथे बसला. उन्हाने, वाऱ्याने डोळे सुजत. मेखला रोज येऊन त्यांत थेंब थेंब पाणी सोडी. ती त्याच्याशी बोलत नसे, पण एकही दिवस चुकली नाही. सातव्या वर्षी असुर पुन्हा आले. या वेळी शंख असा वाजला की बाराही ग्रामांतली माणसे चढावर पोहोचली, आणि रिकाम्या घळीत उतरलेला तमोदंष्ट्र वरुणदेवाने सोडलेल्या सुवेणेच्या लोंढ्यात सैन्यासह बुडाला.

जलातून वरुण प्रकटला. "वत्सा, तुझ्या पापण्या परत घे."

उदग्राने खाली घळीकडे पाहिले. मग म्हणाला, "देवा, त्या मिळाल्या तर मी पुन्हा मिटीन. मी स्वतःला ओळखतो. द्यायचेच असेल तर एवढे द्या: या आसनावर जो बसेल, त्याला लोकांचे दुःख सर्वांआधी दिसो, आणि दिसले नाही असे त्याला म्हणता न येवो."

"तथास्तु," वरुण म्हणाला. "अधि म्हणजे वर आणि अक्ष म्हणजे डोळा. उंच बसतो तो नव्हे. जो वरून पाहतो, जो साक्षी असतो, तो अध्यक्ष."

उदग्र गेला तेव्हा त्याचे डोळे मिटायला काही उरलेच नव्हते. उघड्या डोळ्यांनीच त्याला अग्नी दिला. त्यानंतर बारा वर्षे ते आसन रिकामे होते. ज्याला त्याला ते देऊ केले, आणि ज्याने त्याने हात जोडले. शेवटी वरच्या कुरणातला एक वृद्ध मेंढपाळ पुढे आला. पदवी काय, मान किती, हे त्याने विचारलेच नाही.

"तेथून कोणाकोणाची घरे दिसतात," तो म्हणाला, "ते आधी मला दाखवा."