धनेशाची बोली आणि गुळाचा खडा

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पाखरं माणसांशी बोलायची आणि माणसं ऐकूनही घ्यायची.

चहूकडे रान आणि मधोमध एक गाव होतं. त्या गावच्या शाळेत मुलांना पाखरांची बोली शिकवत. ही नुसती हौस नव्हती. एखादा उन्हाळा असा यायचा, की गावातल्या सगळ्या विहिरी आटायच्या. मग रानात कुठला झरा अजून वाहतो आहे, ते फक्त पाखरांना ठाऊक असायचं. त्यांना विचारता आलं तरच गाव तगायचं. शाळेतले म्हातारे गुरुजी आजवर विचारत आले होते, पण आता त्यांचे कान जड झाले होते. आपल्यामागे कोण, हा घोर त्यांना लागून राहिला होता.

सगळ्यांत अवघड बोली धनेशाची. मोठ्या वाकड्या चोचीचा हा पक्षी लांबवर उडायचा, त्यामुळे दूरचे झरे त्यालाच माहीत असायचे. पण बोलायचा इतका सावकाश, की एक गोष्ट सांगून होईपर्यंत सकाळची दुपार व्हायची. मुलं जांभया देत घरी जायची. बसून राहायची ती एकटी साळू, शेळ्या राखणाऱ्याची मुलगी. धनेश एखादा शब्द घशात घोळवायचा आणि ही हनुवटी गुडघ्यावर टेकवून पुढच्या शब्दाची वाट बघायची. गुरुजी ते लांबून पाहायचे आणि त्यांच्या जिवाला बरं वाटायचं.

याच सुमारास राजाने गावावर नवा कारभारी नेमला. माणूस वाईट नव्हता, पण फार संशयी. दुधात पाणी नसलं, तर गवळ्याने आज का घातलं नाही म्हणून तो काळजीत पडायचा. कुणी वाकून नमस्कार केला, की ह्याचं आपल्याकडे काय काम अडलं असेल, याचा विचार करत बसायचा. असा माणूस शाळा बघायला आला तर काय होणार, तुम्हीच सांगा.

बोली शिकल्याबद्दल मुलांना काय मिळतं, असं त्याने विचारलं. गुरुजी म्हणाले, काही नाही. कारभाऱ्याने भुवया उंचावल्या. काही मिळत नाही आणि तरी मुलं येतात, म्हणजे आत काहीतरी वेगळं शिजत असणार. ते उघडकीस आणायचा त्याला एकच उपाय सुचला: मोबदला आपणच सगळ्यांदेखत द्यायचा, म्हणजे चोरून काही राहणार नाही. दुसऱ्या दिवशी गुळाच्या ढेपा शाळेत आल्या. नवा शब्द म्हणून दाखवेल त्याला गुळाचा एक खडा, असं ठरलं.

आणि काय सांगू, शाळा गजबजली. जांभया देणारी मुलं पहाटेपासून दाराशी येऊन उभी राहू लागली. गुरुजीही सुरुवातीला खूश झाले. पण मुलं हुशार होती. चिमणीचा शब्द चिवचिवण्याएवढा, तो पटकन पाठ होतो, हे त्यांनी हेरलं. धनेशाकडे कुणी फिरकेना. शिवाय मुलं एकमेकांवर नजर ठेवू लागली. ह्याने कालचाच शब्द आज पुन्हा खपवला, तिने माझा ऐकून आधी म्हटला, अशा कागाळ्या सुरू झाल्या. शाळेत मुंग्या झाल्या त्या वेगळ्याच.

साळूला गुळाची आठवण नसायची. खडा दिला तर ती दगडावर ठेवायची आणि विसरून जायची. एवढं गावाला पुरेसं झालं. फुकट शिकते म्हणजे हिला दुसरीकडून काहीतरी मिळत असणार, असं एक बाई म्हणाली. दुसरीला त्याहून पुढचं सुचलं. पाखरं तर प्रत्येकाच्या छपरावर बसतात, खिडकीतून आत बघतात. कुणाच्या घरात काय पुरलंय, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं त्यांना ठाऊक. ही पोरगी तेच काढून घेत असली तर? झालं. साळू रस्त्याने निघाली, की खिडक्या बंद होऊ लागल्या. बायका पाणवठ्यावर बोलता बोलता गप्प व्हायच्या. साळू बिचारी आपल्याच नादात असायची.

कारभारी एकदा स्वतः करवंदीच्या जाळीआड लपून बसला. काटे टोचले, तरी हलला नाही. धनेश फांदीवरून काही बोलला आणि साळू खदखदून हसली. धनेश सांगत होता, की लहानपणी तो ढोलीत कसा अडकला होता. पण कारभाऱ्याला बोली कुठे येत होती? त्याची खात्री झाली, की हे दोघं त्यालाच हसताहेत.

त्याने साळूला चावडीवर बोलावलं.

"खरं सांग पोरी, तुला यातून काय मिळतं?"

"ते काय बोलतात ते कळतं," साळू म्हणाली.

"आणि मग?"

"मग पुढचं ऐकावंसं वाटतं."

एवढंच कसं असेल, असं सगळ्यांना वाटलं. खोटं बोलणारं माणूस निदान पटेल असं तरी बोलतं. कारभाऱ्याने निवाडा दिला. साळूने इतरांसारखा प्रत्येक शब्दाला गूळ घ्यायचा आणि सगळ्यांच्या देखत खायचा. नाहीतर शाळा सोडायची. गुरुजींना हे पटलं नाही. ते उठून उभेही राहिले, पण आपल्यावरही संशय येईल या भीतीने पुन्हा खाली बसले. मला त्यांचा फार राग येतो, पण त्या जागी मी काय केलं असतं कोण जाणे.

साळूला शाळा सोडायची नव्हती. तिने गूळ खाल्ला. पहिले काही दिवस तिला तो घशाखाली उतरेना. मग उतरायला लागला. मग आवडायला लागला, कारण गूळ गोडच असतो, त्यात त्याचा काय दोष? हळूहळू ती धनेशाला घाई करू लागली. गोष्ट राहू द्या आजोबा, सुटे शब्द सांगा, म्हणू लागली. तेव्हा धनेश तिला आडवाटेच्या एका झऱ्याची गोष्ट सांगत होता आणि ती अर्ध्यावर आली होती.

"बाळ, झरा कुठे आहे ते अजून आलंच नाही," धनेश म्हणाला.

"नंतर ऐकेन," साळू म्हणाली आणि मिळालेले शब्द घेऊन शाळेकडे पळाली.

पुढे पावसाने ओढ दिली. ऊस वाळला, गुऱ्हाळं थंडावली, गूळ संपला. दुसऱ्या दिवशी शाळा ओस पडली. कारभारी पडवीत उभा राहून समाधानाने म्हणाला, "बघा. फुकट कुणी काही करत नाही. मी म्हणतच होतो."

गुरुजी म्हणाले, साळू येईल. ते वाटेकडे डोळे लावून बसले. ऊन डोक्यावर आलं, उतरलं, सावल्या लांबल्या. साळू आली नाही.

तो उन्हाळा फार कडक निघाला. विहिरींचा तळ उघडा पडला, शेळ्या माना टाकू लागल्या. मग एका सकाळी धनेश आपण होऊन गावात आला, कोरड्या विहिरीवरच्या पिंपळावर बसला आणि बोलू लागला. सारा गाव साळूच्या घरी धावला. तिला झाडाखाली आणून उभं केलं. ती ऐकत राहिली, कपाळाला आठ्या घालून.

"पाण्याचं सांगताहेत," ती म्हणाली. "पण कुठे, ते कळत नाही. मधले शब्द मला येत नाहीत."

कारभाऱ्याने तिच्याकडे बारीक नजरेने पाहिलं. ही दर वाढवून मागते आहे, असं त्याच्या मनात आलं. राजाकडून गुळाची आख्खी ढेप मागवून देतो, असं तो म्हणाला. मग गाडीभर देतो म्हणाला. साळू रडायला लागली. खरंच येत नाही हो, म्हणाली. या वेळीही तिचं कुणाला खरं वाटलं नाही.

धनेश तिन्हीसांजेपर्यंत बोलत होता. मग दमून उडून गेला. जाताना काय म्हणाला, असं गुरुजींनी साळूला विचारलं.

"तेवढंच सगळं कळलं," ती म्हणाली. "ते विचारत होते, इथे एक मुलगी ऐकायला येऊन बसायची, ती कुठे गेली?"

त्या आठवड्यात गाव उठलं. लोक हंडे-कळश्या आणि उरलेल्या शेळ्या घेऊन मिळेल त्या वाटेने परमुलखात गेले. तो आडवाटेचा झरा मात्र रानातल्या एका डोंगरापलीकडेच होता. रानातली पाखरं तिथलं पाणी प्यायली आणि जगली.

म्हणून लहानथोर सगळ्यांनी ध्यानात ठेवा: जे मूल आवडीने शिकतं त्याच्यावर संशय घेऊ नये आणि त्याच्या आवडीवर बक्षिसाचं ओझं लादू नये, कारण मग बक्षीस संपतं तेव्हा शिकणंही संपतं.