साहेबांची मोटार आणि मामांचा परवाना

सन १९६८, एप्रिल महिना, ऐन उन्हाळा. शिरगणी या गावी रंगनाथ नावाचा एक भोळा तरुण राहत असे. त्याचे मामा केशवराव यांनी जुन्या मोटारी विकण्याचे दुकान थाटले होते. मात्र सरकारी परवाना अद्याप यावयाचा होता.

मामांनी बजावले, "रंगा, परवान्याविना गाडी विकणे हा गुन्हा आहे. एक जरी विकली गेली, तरी आपला अर्ज फेटाळला जाईल. लक्ष ठेव."

रंगनाथाने लक्ष ठेवले. बाजारात एक म्हातारी लाकडी गाड्या विकत होती. त्याने तिची टोपली झाकली.

"आजी, परवाना?"

"मेल्या, खेळणी आहेत ती!"

मामा म्हणाले, "अरे, माणूस बसून जातो ती गाडी."

"बरे, मामा."

पुढच्या बाजारी एक शेतकरी बैलगाडी विकू लागला. रंगनाथ तीत जाऊन बसला आणि परवाना पाहिल्यावाचून उतरेना. बैल त्याला घेऊन ओढ्यापर्यंत गेले.

मामा म्हणाले, "अरे, इंजिन असते तिलाच परवाना!"

"बरे, मामा."

मे महिन्यात गिरणीवाल्या भुजंगाने आपले जुने इंजिन विकावयास काढले. रंगनाथ गिरणीच्या दारात आडवा पडला. गावाला दोन दिवस पीठ मिळाले नाही.

मामांनी कपाळाला हात लावला. "ती त्याची स्वतःची वस्तू आहे! अरे, मोटारसुद्धा स्वतःची असली आणि विकण्याचा धंदा नसला, तर परवाना लागत नाही. शिरले डोक्यात?"

"शिरले, मामा."

जूनमध्ये परवान्याच्या अर्जाची चौकशी करावयास तपासणीस साहेब आले. मामा त्यांना चहासाठी आत नेऊ लागले. रंगनाथाने अदबीने विचारले, "साहेब, बाहेरची मोटार आपली स्वतःची?"

"होय."

"आपला मोटारी विकण्याचा धंदा तर नाही ना?"

"छे, छे!"

चहा होईतो एक गिऱ्हाईक आले. साहेब बाहेर येऊन पाहतात, तो अंगणात मोटार नाही.

"विकली, साहेब," रंगनाथ आनंदाने म्हणाला. "इतक्या मोटारींत परवाना न लागणारी तेवढी एकच होती."

साहेब एस.टी.ने परत गेले.

मामांनी गिऱ्हाइकाच्या हातापाया पडून, पैसे परत देऊन, मोटार दुकानात आणली. साहेब ती न्यावयास आले. रंगनाथ दारात आडवा उभा राहिला.

"देता येणार नाही, साहेब."

"गाढवा, माझी मोटार आहे ती!"

"होती. आपण विकलीत. आता ती दुकानाची, आणि दुकानाला परवाना नाही."

"रंगा, बाजूला हो!" मामा ओरडले.

"मामा, अर्ज फेटाळतील ना!"

साहेबांनी घाम पुसला. झाला प्रकार वरिष्ठांना कळविणे त्यांना शक्य नव्हते. आपली मोटार आपल्याच होकाराने विकली गेली, असे कोणत्या तोंडाने लिहावे? त्यांनी दौत मागितली आणि उभ्याउभ्याच परवान्यावर सही केली.

बुधवार, दिनांक १९ जून १९६८ रोजी प्रकरण मिटले. त्या परवान्यावरील पहिली विक्री त्याच दिवशी झाली. गिऱ्हाईक साहेबच होते, आणि रंगनाथाने त्यांना एक पैसाही सूट दिली नाही.